भिंतीतलं पाणी

डुलुथ, मिनेसोटा
४ मे २००३

प्रिय नॉर्बर्ट,

फोनवर तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही, आणि येत असतं तरी मी फारसं बोललो नसतो, म्हणून पत्र लिहितो आहे. न्यूमोनियातून तुम्ही आता पुरते बरे झाला असाल अशी आशा आहे.

कॉलेट गेल्यापासून, म्हणजे दोन मार्चपासून, मी तळघरात उतरलो नव्हतो. गेल्या आठवड्यात उतरलो. तिने धुवायला घातलेल्या बाटल्या टबात तशाच होत्या. त्या धुऊन ठेवल्या. तिच्या बिअरच्या सामानात एक निळा आईसबॉक्स सापडला. त्यात तिला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, भिजवायचं होतं. भरडलेल्या माल्टवर गरम पाणी ओतून ते तासभर एकाच तापमानाला ठेवावं लागतं. जी पेटी थंडी धरते ती ऊबही धरते, असं ती म्हणायची. पाणी सोडायचं जे भोक खाली असतं, तिथे पितळेची तोटी बसवायची तिने तयारी केली होती. नट, तोटी, एक वायसर आणि तिच्या हातचं चित्र पेटीतच होतं. चित्राखाली लिहिलं आहे: "केर्मिससाठी. ऑगस्टच्या मध्यापर्यंत व्हायला हवी. वायसर आधी कुठला? पापांना विचारायचं."

तिने तुम्हाला विचारलं होतं का, मला माहीत नाही. मी विचारतो आहे. चित्राप्रमाणे तोटी बसवून पाहिली. गळते. मिनिटाला चौदा थेंब.

मला ही बिअर करायची आहे. तुमची हरकत नसेल तर सप्टेंबरात केर्मिसच्या जत्रेला ती घेऊन तुमच्याकडे येईन.

आपला,
लायल


सेंट ओडील, विस्कॉन्सिन
१३ मे

लायल,

पत्रात नाव लिहिलंस ते बरं केलंस. एकोणीस वर्षं समोरासमोर तू मला "अं" अशी हाक मारत आलास. कॉलेट म्हणायची, "पापा, तो लाजतो." मी म्हणायचो, "लाजेना का, पण मग मीठ कोणाकडे मागतोय ते कळू तरी दे."

नाही, तिने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की बिअर दुकानात मिळते. ते तिला माहीत होतं.

आता ऐक. आतून बाहेर असा क्रम. नट, लोखंडी वायसर, रबरी वायसर, मग पेटीची भिंत, मग पुन्हा रबरी, पुन्हा लोखंडी, शेवटी तोटी. रबर नेहमी भिंतीला लागून. लोखंडी वायसर स्टेनलेसचे घे, बाकीचे गंजतात. आट्यांवर पांढरी टेप तीन वेढे, आटे फिरतात त्याच दिशेने. उलटी गुंडाळलीस तर आवळताना तीच सुटत येते. हाताने घट्ट कर, मग पान्याने अर्धा फेरा. अर्धा म्हणजे अर्धा. शिपयार्डात नवी पोरं जोर लावून नट फोडायची आणि माझ्याकडे अभिमानाने बघायची.

आणखी एक. कॉलेटला कधी आणतोस? दफनभूमीत कॉलेटच्या आईसाठी, डोलोरेससाठी, जागा घेतली तेव्हाच मी शेजारची लेकीसाठी धरून ठेवली होती. माझ्याआधी लागेल असं वाटलं नव्हतं. मी इस्पितळात नाकात नळ्या घालून पडलो होतो तेव्हा तू तिचं दहन करून मोकळा झालास. ते झालं. फादर म्हणतात, राख असली तरी चालते, पण ती मातीत जायला हवी, फळीवर नाही. केर्मिसला येतोच आहेस, तेव्हा आण. मग बिअर विसरलास तरी मी काही म्हणणार नाही.

नॉर्बर्ट


डुलुथ
२५ मे

प्रिय नॉर्बर्ट,

तुमच्या सूचना फार स्पष्ट होत्या. आभारी आहे.

आमच्या औषधांच्या दुकानाच्या बाजूला हार्डवेअरचं दुकान आहे. तिथल्या माणसाने विचारलं, "कशाला हवंय?" मी म्हटलं, "आईसबॉक्सला." तो म्हणाला, "मग नवा घ्या ना, तेवढ्यातच येईल." त्याच्याकडे त्या मापाचा रबरी वायसर नव्हता, म्हणून कॉलेटने आणलेला एकच वापरला. थेंब बाहेर दिसत होते म्हणून तो बाहेरच्या बाजूला लावला. वरून तोटीभोवती सिलिकॉनही भरलं.

काल संध्याकाळी अठरा लिटर पाणी मोजून ओतलं. सकाळी पाहिलं तर जमीन कोरडी. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर एकही डाग नव्हता. तोटी सोडून पाणी परत मोजलं. सोळा लिटर आणि सहाशे मिलिलिटर भरलं. झाकण बंद होतं, तरी थोडं उडून गेलं असावं. थोडं कोपऱ्यात राहिलं असेल. महत्त्वाचं म्हणजे गळत नाही.

तुम्ही जागेबद्दल लिहिलंत. मी विचार करतो आहे.

आपला,
लायल


सेंट ओडील
३ जून

लायल,

तू औषधं मोजून विकतोस ना? मग जवळजवळ दीड लिटर औषध रात्रीतून बाटलीतून नाहीसं झालं तर "उडून गेलं" म्हणशील?

पाणी कुठे जात नाही. ते तुझ्या भिंतीत आहे. आईसबॉक्सची भिंत दुहेरी असते, मध्ये फोम. आत रबर नाही म्हणून पाणी भोकाच्या कडेने भिंतीत शिरलं, आणि बाहेरून तू सिलिकॉन भरून त्याची बाहेर यायची वाट बंद केलीस. आधी गळत होतं ते बरं होतं, निदान दिसत तरी होतं. थेंब जिथे दिसतो तिथे कधीच गळत नसतं. जहाजावर मी हे शंभर जणांना सांगितलं असेल, आणि शंभरही जण थेंबाखाली बादली ठेवूनच खूश व्हायचे.

हेच तू गोड माल्टच्या पाण्याने केलं असतंस तर आठवड्यात आत आंबलं असतं, आणि पुढची प्रत्येक बिअर व्हिनेगर झाली असती.

सगळं खोल. पेटीच्या तळाशी, बाहेरच्या बाजूला, कोपऱ्यात पेन्सिलीएवढं भोक पाड आणि पेटी तिरपी ठेव. पाणी येईल. मग वाळव. दिवसांवर जाऊ नकोस, आठवडे लागतील. उन्हात, वाऱ्यावर. आणि भिंतीची जाडी मोजून कळव. भिंत मऊ असते, आवळली की दबते आणि मग उष्णतेने सैल पडते. भोकात घालायला मी तांब्याच्या पाईपचा एक तुकडा भिंतीच्या जाडीइतका कापून देईन. मग पाना भिंतीला नाही, तांब्याला आवळेल.

तुझ्या पत्रात दीड पान तोटीवर होतं आणि एक ओळ माझ्या मुलीवर. "विचार करतो आहे" म्हणजे नाही, हे कळण्याइतका मी म्हातारा आहे.

नॉर्बर्ट


डुलुथ
३ ऑगस्ट

प्रिय नॉर्बर्ट,

दोन महिने उत्तर दिलं नाही. माफ करा. कामात होतो असं लिहिणार होतो, पण तसा नव्हतो.

तुम्ही म्हणालात तसं भोक पाडलं. आधी काही आलं नाही. पेटी उलटी धरली तेव्हा पाणी यायला लागलं आणि बराच वेळ येत राहिलं. त्याला ओल्या भिंतीसारखा वास होता. मागच्या ओट्यावर पेटी उघडी ठेवली, पावसाचं दिसलं की आत घेत होतो. शेजारीण म्हणाली, "लायल, रोज आईसबॉक्स उन्हाला बसवतोस, त्याला टोपी घाल." आता वास येत नाही. भिंतीची जाडी एकतीस मिलिमीटर आहे.

कॉलेटबद्दल. कलश स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, तिथून सरोवर दिसतं. दुकान बंद करून मी घरी येतो तेव्हा "आलो" म्हणतो. पूर्वीही एवढंच म्हणायचो. तुमच्या गावी जायला गाडीने सात तास लागतात. ती तिकडे गेली तर मी हे कोणाला म्हणेन, मला समजत नाही.

मी एक मार्ग काढला आहे. अर्धी राख तुमच्याकडे, डोलोरेसजवळ, आणि अर्धी इथे. आमच्या पाद्रींना विचारलं, त्यांच्या दृष्टीने अडचण नाही. हे तुम्हाला मान्य असेल तर केर्मिसला येतो. नसेल तर मी येणं बरोबर दिसणार नाही. बिअर पार्सलने पाठवता येते का, चौकशी करेन.

आपला,
लायल


सेंट ओडील
९ ऑगस्ट

लायल,

चाळीस वर्षं मी पाईप कापले. त्यातली वीस, कुठे कापायचा नाही हे शिकण्यात गेली. माझ्या मुलीचे दोन भाग करायचे नाहीत. तुझ्या पाद्रींना चालत असेल. मला चालत नाही, आणि तिला विचारता येत नाही.

हे एवढं लिहून मी पत्र तीन दिवस टेबलावर ठेवलं. काल मार्सेला सूप घेऊन आली. ती शेजारीण आहे, तिला सगळं वाचायचा हक्क आहे असं तिला वाटतं. वाचून म्हणाली, "पाकिटात हा पाना का नाही घालत? तोही लागेल डोक्यात."

मी म्हटलं, "मुलगी माझी आहे."

"बायको त्याची आहे. आणि तू काय रे, तिची बिअर पिऊन म्हणायचास, भांडी धुतलेलं पाणी. तिच्या तोंडावर."

"पण प्यायचो ना."

"हे तिला कुठे माहीत होतं? तिला वाटायचं तू सिंकमध्ये ओततोस."

ते खरं आहे. दर नाताळला ती सहा बाटल्या आणायची. मी नाक मुरडायचो, आणि ती गेली की फेब्रुवारीपर्यंत पुरवून प्यायचो. रिकाम्या बाटल्या तळघराच्या पायऱ्यांवर धुऊन ठेवल्यात. छत्तीस आहेत. तिला एकदाही सांगितलं नाही. एकदा फक्त, थोडी कडू आहे, एवढं खरं बोललो होतो.

सोबत तांब्याचा तुकडा आणि चार रबरी वायसर पाठवतो आहे. तुकडा एकतीस मिलिमीटरचा आहे. तुझ्या मिलिमीटरसाठी मार्सेलाच्या नातीची शाळेची पट्टी आणावी लागली. वायसर गरम पाणी सहन करणारे आहेत. आधी थंड पाण्याने तपास, मग उकळत्या. रबर थंडीत एक बोलतं आणि उष्णतेत दुसरं.

आणि हे नीट वाच, दुसऱ्यांदा लिहिणार नाही. केर्मिसला ये. कॉलेटला आणलंस तर आण. नाही आणलंस तरी तू ये. डोलोरेस गेली, ती गेली, आणि आता तूही पार्सलने बिअर पाठवणार असशील तर मला नको ती बिअर.

नॉर्बर्ट


डुलुथ
२४ ऑगस्ट

प्रिय नॉर्बर्ट,

तुमचा तांब्याचा तुकडा भोकात बरोबर बसला. वायसर तुमच्या क्रमाने लावले, रबर दोन्हीकडे भिंतीला लागून. हाताने, मग अर्धा फेरा. थंड पाणी अठरा लिटर ओतलं. सकाळी तळाचं वाटीभर सोडता सगळं परत मिळालं. गरम पाण्यानेही तेच. एक थेंब नाही, आतही नाही. पेन्सिलीच्या भोकात कापूस घालून पाहिला, कोरडा निघाला.

गेल्या रविवारी बिअर केली. कॉलेटच्या वहीत ती कृती होती. नळाखालच्या लवचीक नळीवर स्टीलची विणलेली जाळी असते, ती कापून तिने आतून तोटीला जोडायला ठेवली होती, म्हणजे टरफलं अडकतात. माल्ट घातलं, पाणी ओतलं, झाकण लावलं. तासाभराने झाकण उघडलं तेव्हा तापमान फक्त एक अंश उतरलं होतं. तोटी सोडली तर आधी गढूळ आणि मग चहासारखं स्वच्छ आलं. घरभर ओल्या भाकरीचा वास होता. तो वास पूर्वी महिन्यातून एकदा यायचा. वहीत एका ठिकाणी लिहिलं आहे, "पापांसाठी हॉप्स निम्मे." बिअरला कडूपणा त्यांनीच येतो. मी निम्मेच घातले.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. तुम्ही लिहिलंत, तिला विचारता येत नाही. विचारायची गरज नाही. तिने सांगितलं होतं.

दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडून परत येताना पेट्रोल भरायला थांबलो होतो. आदल्या दिवशी आपण तिघं डोलोरेसच्या थडग्यावर गेलो होतो. गाडीत बसून ती चीज खात होती. म्हणाली, "मी मेले ना, की मलाही तिथेच ने हं. मम्मीजवळ."

मी म्हटलं, "आणि मी काय करू?"

ती म्हणाली, "तुला गाडी चालवायला आवडतं की."

मग तिने मला चीज दिलं आणि विषय बदलला. तो विनोद होता, पण ते खरंही होतं. माझ्या लक्षात होतं. मार्चमध्ये दोन दिवसांत सगळं ठरवायचं होतं. अंत्यविधीवाल्यांनी विचारलं, त्यांची काही इच्छा होती का? मी म्हटलं, नाही. त्यांनी कागदावर "नाही" लिहिलं आणि मी सही केली. त्यानंतर तुम्ही दोनदा विचारलंत, आणि दोनदा मी जणू काही माहीतच नसल्यासारखं लिहिलं. ते खोटं होतं. तिला इथे ठेवायचं होतं ते मला. तिला नाही.

तिला घेऊन येतो. पूर्ण.

लायल


सेंट ओडील
३० ऑगस्ट

लायल,

पहिल्यांदा वाचलं तेव्हा रागाने उठून कोठारात गेलो. तिथे करायला काही नव्हतं म्हणून परत आलो. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ते चीजचं वाचून हसलो. पेट्रोलपंपावर थांबलं की तिला चीज लागायचंच, चार वर्षांची होती तेव्हापासून. तिसऱ्यांदा मार्सेलाने वाचलं. वाचून पाकिटात परत घातलं आणि माझी भांडी घासायला घेतली.

मलाही एक लिहायचं आहे. मी आजारी नसतो तरी मी तुझ्या बायकोला तुझ्या हातातून घेऊन आलो असतो, तुला न विचारता. तेही बरोबर झालं नसतं.

केर्मिसच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारपर्यंत पोच. बाटल्या उभ्या ठेव, मध्ये टॉवेल घाल. रविवारी प्रार्थनेनंतर फादर दफनविधी करतील, मग जत्रा. आधी रडायचं आणि मग धुळीत नाचायचं हे तुम्हा लुथरन पंथाच्या लोकांना विचित्र वाटेल. इथे असंच करतात. तुझ्यासाठी तिची खोली उघडली आहे. गादी जुनी आहे, तक्रार करू नकोस.

नॉर्बर्ट


डुलुथ
५ ऑक्टोबर

प्रिय नॉर्बर्ट,

सुखरूप पोचलो. जाताना कलश शेजारच्या सीटवर पट्टा लावून ठेवला होता. परत निघालो तेव्हा तुम्ही त्याच सीटवर आलुबुखारांची पाई ठेवलीत आणि पट्टा लावलात. मी पाहिलं. पाई पेट्रोलपंपापर्यंतही पुरली नाही.

तुम्ही सगळ्यांना सांगत होतात की बिअर तुमच्या वायसरमुळे चांगली झाली. बिअर तिच्या कृतीने झाली. पण तुम्ही तीन ग्लास घेतलेत ते मी मोजले, आणि शेवटचा ग्लास घेऊन तुम्ही एकटेच दफनभूमीच्या फाटकाकडे गेलात तेही पाहिलं.

नाच मला येत नाही हे मार्सेलाबाईंना आता कळलं आहे. बुटांतली धूळ अजून निघते.

घरी आलो तेव्हा "आलो" म्हणालो. खिडकीत काही नव्हतं. तरी म्हणालो.

लायल


सेंट ओडील
१४ ऑक्टोबर

लायल,

रविवारी गेलो होतो. माती बसते आहे, थोडी आणखी टाकायला सांगितली. डोलोरेसला आता सोबत आहे. मी दोघींना बातम्या सांगितल्या. तू आल्याची नाही, ती तर एकीला माहीतच आहे. बटाटे कसे झाले ते सांगितलं.

दगडवाला आला होता. कॉलेटचा दगड थंडीआधी घडवून वसंतात बसवू म्हणतो. नाव, तारखा, सगळं दिलं. मग तो विचारतो, "एकाच नावाचा करू, की खाली जागा सोडू?"

मी म्हटलं, "थांब. जावयाला विचारतो."

तो म्हणाला, "तुमच्या जावयाची इकडची मंडळी कोण?"

मी म्हटलं, "मी."

फादरना विचारलं, लुथरन असला तरी नवऱ्याला बायकोच्या शेजारी जागा देता येते. तू अजून सत्तेचाळिसाचा आहेस. उद्या कोणी भेटली तर भेटो, कॉलेट काही म्हणणार नाही आणि मीही नाही. दगडावर रिकामी जागा राहिली तर राहिली, ती काही खायला मागत नाही. सावकाश विचार कर. पण दगडवाल्याला महिनाअखेरपर्यंत सांगायचं आहे.

नॉर्बर्ट


डुलुथ
१९ ऑक्टोबर

प्रिय पापा,

जागा सोडायला सांगा.

डिसेंबरात रस्ते बंद व्हायच्या आत एकदा येईन. मला गाडी चालवायला आवडतं.

लायल